आधी मोजा, मग ओता: घरच्या फिश टँकमधल्या पाण्याचं निदान

नितळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे मरतात. पाण्यात विरघळलेला अमोनिया दिसत नाही, नायट्राईटला रंग नाही की वास नाही, आणि क्लोरीन तर आपण रोज पितो त्या पाण्यातच असतो. त्यामुळे मासे सुस्तावले, वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते, नाहीतर टाकी पूर्ण उपसून, वाळू-दगड खसाखसा धुऊन नवं पाणी भरलं जातं. दोन्ही उपाय काळजीपोटीच होतात, पण पाण्यात नेमकं काय बिघडलंय ते कुणी पाहिलेलं नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेथिलीन ब्लूसारख्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू दगावू शकतात. सगळं धुऊन काढल्यावर ते उरतच नाहीत, आणि आठवड्याभरात दुखणं अधिक जोराने परत येतं.

म्हणून या लेखाचं सूत्र एवढंच आहे: पाण्यात काहीही ओतण्याआधी पाणी मोजा, मूळ कारण शोधा, आणि बदल करायचा तो शक्य तितका हळूहळू करा.

पहिल्या तासात काय करावं

मासे पृष्ठभागाशी धापा टाकत असतील तर आधी हवा वाढवा. एअर पंप पूर्ण वेगाने चालू करा, फिल्टरचं तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग चांगला हलेल. उन्हाळ्यात एवढ्यानेही फरक पडतो, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅम. त्या दिवशी खाणं घालू नका. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने धडधाकट माशाला काही होत नाही. न खाल्लेले दाणे मात्र कुजून अमोनिया वाढवतात.

मग टाकीतलं पाणी एका स्वच्छ काचेच्या भांड्यात काढून ठेवा आणि चाचण्या करा. पाणी बदलण्याआधीचा हा नमुना महत्त्वाचा, कारण बदलल्यानंतर पुरावाच नाहीसा होतो.

काय मोजायचं, कसं मोजायचं

अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, पीएच आणि केएच या पाच चाचण्या घरी पुरेशा आहेत. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप. आम्ल तयार झालं तर ते पचवण्याची पाण्याची ताकद. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा दाखवणारा जीएच हा सहावा आकडा कळला तर उत्तम. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पण तो एकूण विरघळलेले क्षार दाखवतो. त्यातलं विष कोणतं आणि पोषण कोणतं हे त्याला सांगता येत नाही.

कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा किट घ्या. नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळा, थेंब सोडताना बाटली उभी धरा, सांगितलेली मिनिटं थांबा आणि रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून जुळवा. नायट्रेटच्या किटमधली एक बाटली, बहुधा दुसरी, नीट जोरात हलवावी लागते. तिच्यातली भुकटी तळाशी बसते, आणि न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटा आणि दिलासादायक येतो. किटची मुदत बघा. आणि टाकीत भरण्याचं पाणी, मग ते नळाचं असो वा बोअरचं, एकदा तरी याच किटने तपासा. अर्धी कोडी तिथेच सुटतात.

लक्षात ठेवायचे आकडे असे: अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट लिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅमच्या आत, केएच किमान ३-४ अंश. पीएच बहुतेक सामान्य माशांना ६.५ ते ८ पर्यंत चालतो. तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं.

अमोनिया वाढला असेल तर

मासे आपला बराचसा नायट्रोजनयुक्त कचरा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, सडलेलं पान यांतूनही तो येतो. फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जिवाणू या अमोनियाचं नायट्राईट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राईटचं नायट्रेट. नव्या टाकीत ही वसाहत नसते. ती उभी राहायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि नव्या हौशी माणसाचे मासे मरतात ते बहुतेक याच काळात.

किट दाखवतो तो एकूण अमोनिया. तो पाण्यात दोन रूपांत असतो: अमोनियम, जे तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूणपैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर तोच १ मिलिग्रॅमचा आकडा एका घरी काळजीचा आणि दुसऱ्या घरी जीवघेणा असू शकतो. अमोनिया वाचताना पीएच सोबत वाचलाच पाहिजे.

उपाय: क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने ३० ते ५० टक्के पाणी बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, गरज असेल तर पुन्हा बदला. मात्र टाकीचा पीएच ६.५ च्या खाली असेल तर थांबा आणि पुढचा ‘जुन्या टाकीचा सापळा’ हा भाग आधी वाचा. खाणं निम्म्यावर आणा. मासे जास्त झाले असतील तर ते कबूल करा. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश सांगितले जातात, पण एकेका गोल्डफिशला मोठेपणी ७०-८० लिटर पाणी लागतं. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश ठेवले तर कोणताही फिल्टर पुरा पडणार नाही.

जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीत अचानक अमोनिया दिसला तर फिल्टरला काय झालं ते आठवा. तीन चुका घरोघरी आढळतात. स्पंज नळाखाली धुणं: नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा. रात्री आवाज नको किंवा वीज वाचावी म्हणून फिल्टर बंद करणं: हे जिवाणू प्राणवायूवर जगतात, वाहतं पाणी थांबलं की ते गुदमरतात. आणि टाकी साफ करायला येणाऱ्या माणसाकडून महिन्याला सगळं उपसून धुऊन घेणं: त्यामुळे टाकी दर महिन्याला पुन्हा पहिल्या दिवसावर येते. ज्यांच्याकडे वीज तासन्तास जाते, त्यांनी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला साधा स्पंज फिल्टर ठेवावा.

टाकी नवीनच लावत असाल तर मासे नंतर आणा. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो तुमच्या फिल्टरमध्ये घाला. वसाहत लवकर वसते. तो नसेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराईड १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाका, म्हणजे अमोनिया २ मिलिग्रॅमच्या आसपास येईल. तेवढा अमोनिया एका दिवसात शून्य होऊ लागला आणि नायट्राईटही शून्य दिसू लागला की टाकी तयार झाली. मग नायट्रेट उतरवायला मोठा पाणीबदल करून थोडे-थोडे मासे सोडावेत.

नायट्राईट: श्वास असून गुदमरणं

अमोनिया उतरला, तरी मासे भरभर कल्ले हलवतायत, आणि पाण्यात हवाही भरपूर आहे? नायट्राईट तपासा. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनचं असं रूप करतो की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. अशा माशाचं रक्त तपकिरी पडतं, कल्लेही तसे दिसू लागतात.

इथे स्वयंपाकघरातलं मीठ खरोखर कामाला येतं. मिठातलं क्लोराईड आणि नायट्राईट कल्ल्यांत एकाच वाटेने शिरतात. क्लोराईड भरपूर असलं की नायट्राईटला आत जायला वाव मिळत नाही. दर १० लिटरला १ ग्रॅम मीठ पुरतं. त्यातून लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराईड मिळतं आणि नायट्राईट २-३ मिलिग्रॅम असला तरी माशांचं संरक्षण होतं. मीठ वाटीभर पाण्यात विरघळवून मग सोडा. एवढ्या प्रमाणाला सहसा झाडंही कुरकुर करत नाहीत. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना काढलेल्या पाण्याच्या हिशोबानेच पुन्हा घाला. हा तात्पुरता आधार आहे. नायट्राईट उतरतो तो पाणी बदलल्याने आणि फिल्टर सावरल्याने.

नायट्रेट: सावकाश साचणारा

नायट्रेट लगेच मारत नाही. तो साचत जातो, माशांची भूक आणि वाढ मंदावते, शेवाळ फोफावतं. त्याचा हिशोब सोपा आहे. समजा दर आठवड्याला टाकीत नायट्रेटची १० मिलिग्रॅमची भर पडते आणि तुम्ही २५ टक्के पाणी बदलता, तर बदलाआधीचा आकडा शेवटी ४० वर स्थिरावतो. ५० टक्के बदलता, तर २० वर. हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया, मनी प्लांटची पाण्यात सोडलेली मुळं यांनीही तो बराच शोषला जातो.

किती बदललं तरी नायट्रेट उतरतच नसेल तर भरण्याच्या पाण्याची चाचणी पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. शेतीच्या किंवा दाट वस्तीच्या भागातली विहीर-बोअर त्याच्या आसपास असू शकते. अशा पाण्याने टाकी धुतली जाईल, नायट्रेट जाणार नाही. तिथे आरओचं पाणी मिसळणं हाच मार्ग.

पीएच घसरतो कशामुळे

पीएच कमी दिसला की ‘पीएच अप’ची बाटली आणि जास्त दिसला की ‘पीएच डाऊन’ची बाटली घेतली जाते. दोन-तीन दिवसांत आकडा पुन्हा जागेवर येतो, पुन्हा बाटली, पुन्हा उसळी. या हेलकाव्यांनी मासे जितके थकतात तितके ते किंचित चढ्या किंवा उतरत्या पण स्थिर पीएचने थकत नाहीत. पीएचमागे धावण्याऐवजी केएचकडे पाहा.

अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पचवण्यात केएच खर्च होतो. ढोबळ हिशोब असा की नायट्रेट १० मिलिग्रॅमने वाढला तर केएच जवळजवळ १ अंशाने उतरतो. म्हणजे अगदी उत्तम चाललेला फिल्टरही रोज थोडा केएच खात असतो. पाणी बदललंच नाही तर एक दिवस तो संपतो आणि पीएच एकदम ६ कडे कोसळतो.

केएच वाढवायला खायचा सोडा चालतो. बेकिंग पावडर नव्हे, नुसता सोडा. ५० लिटर पाण्याचा केएच १ अंशाने वाढवायला साधारण दीड ग्रॅम लागतो. एका दिवशी १ अंशापेक्षा जास्त वाढवू नका. कायमची सोय हवी असेल तर जाळीच्या पिशवीत कोरल चिप्स किंवा शिंपल्यांचा चुरा घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की तो आपोआप विरघळतो.

उलट तक्रारही असते: पीएच ८.४ च्या खाली यायलाच तयार नाही. मग टाकीतले दगड तपासा. संगमरवराचे पांढरे खडे, किनाऱ्यावरून आणलेली शंख-शिंपल्यांची वाळू, दगडांच्या पोकळीतले चमकते स्फटिक. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका; फेस आला तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि तो दगड पाणी जड करतोय. टेट्रा, डिस्कस ठेवायचे असतील तर तो बाहेर काढा. देशी बदामाची वाळलेली पानं पाणी किंचित आम्ल करतात, पण केएच कमी असेल तरच. बोअरच्या जड पाण्यात त्यांनी फक्त रंग येतो.

जुन्या टाकीचा सापळा

सगळ्यात दुःखद घटना इथे घडते. वर्षभर टाकी छान चालली, फक्त उडालेल्या पाण्याची भर घातली, मासे जिवंत आहेत. मग घरात कार्य निघतं, पाहुणे येणार म्हणून कुणीतरी निम्मी टाकी उपसून ताजं पाणी भरतं, आणि सकाळपर्यंत मासे मेलेले.

झालेलं असतं ते असं: केएच संपून पीएच ६ च्या आसपास आलेला असतो. त्या आम्ल पाण्यात जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि अमोनिया साचू लागतो, पण तो अमोनियमच्या रूपात असल्यामुळे मासे तग धरून राहतात. नवं पाणी पडताच पीएच ८ कडे उसळतो आणि साठलेल्या अमोनियमचा मोठा हिस्सा काही मिनिटांत विषारी मुक्त अमोनिया होतो.

म्हणून दुर्लक्ष झालेली टाकी सुधारताना आधी अमोनिया आणि पीएच मोजा. पीएच ६.५ च्या खाली आणि अमोनिया हजर असेल तर एका वेळी १० टक्केच पाणी बदला, रोज, आठवडा-दहा दिवस. नवं पाणी बारीक धारेने सोडा. अमोनिया शून्यावर आल्याशिवाय सोडा, कोरल यांपैकी काहीही घालू नका.

तुमचं पाणी कुठून येतं

दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी सहसा जड असतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटने भरलेलं. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा इथलं तलावांचं पाणी येतं, तेही तुलनेने मऊ. टँकरचं पाणी आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या. ते दर वेळी तपासून घ्यावं लागतं.

आपल्या पाण्याला मानवतील असे मासे निवडले तर निम्मी रसायनं विकत घ्यावी लागत नाहीत. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश खुशाल राहतात. मऊ पाण्यात टेट्रा, रासबोरा, एंजल. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा पीएच फसवा असतो. पिंपात २४ तास एअर स्टोन चालवून मगच मोजा आणि मगच वापरा.

प्युरिफायरचं आरओ पाणी शुद्ध म्हणून नुसतंच भरू नका. त्यात केएच-जीएच नगण्य असतात आणि पीएच कधीही कोसळतो. ते जड पाण्यात मिसळून वापरा.

क्लोरीनबाबत सावध राहण्याचे दिवस ठरलेले आहेत: पावसाळ्याची सुरुवात, साथीचे दिवस, आणि सोसायटीची टाकी धुतल्यानंतरचे दोन-तीन दिवस. गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर जलसुरक्षक करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट घरीही करता येते; पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका. पाणी उघड्या पिंपात हवा सोडून दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट वापरा. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम लागतं.

गढूळ पावसाळी पाणी निवळायला टाकीत तुरटी कधीही फिरवू नका. तुरटी केएच खाते, पीएच पाडते, आणि तिच्यातलं अॅल्युमिनियम कल्ल्यांना घातक आहे. गाळ पिंपातच बसू द्या.

सगळे आकडे ठीक, तरीही मासे मेले

मग घरात काय फवारलं ते आठवा. पेस्ट कंट्रोल, झुरळांचा स्प्रे, डासांची यंत्रं यांतली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. फवारणीच्या दिवशी टाकी ओल्या चादरीने झाका, एअर पंपाला बाहेरची हवा मिळेल असं करा किंवा तो तेवढा वेळ बंद ठेवा, फिल्टर चालू राहू द्या. टाकी-बादली साबणाने धुऊ नका. मत्स्यालयाची बादली वेगळीच असावी.

दर आठवड्याचा नेम

वार ठरवा. २५ ते ३० टक्के पाणी सायफनने तळाची घाण ओढत काढा आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी त्याच तापमानाला सोडा. त्याआधी नायट्रेट, पीएच आणि केएच मोजा. टाकी नवी असेल किंवा नवे मासे आले असतील तर अमोनिया आणि नायट्राईटही. आकडे वहीत लिहा. सोबत एक ओळ: फिल्टर कधी पिळला, पाणी टँकरचं होतं का, वीज किती वेळ गेली, कोणतं औषध घातलं.

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की तुमच्या टाकीत नायट्रेट आठवड्याला किती चढतो आणि केएच किती उतरतो हे तुम्हाला दिसू लागेल. त्यावरून किती पाणी बदलायचं, किती मासे ठेवायचे आणि कधी काहीच करायचं नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.